इतिहासाची माफी कोणत्या धड्यात?

मागच्या मे महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी शाळेत आली. आमच्या जनरल रजिस्टरमध्ये मात्र ती विद्यार्थी आहे. कविता सुरेख म्हणणारा, तिसऱ्या बाकावर बसणारा आणि मधल्या सुट्टीत मैदानावर न जाता वर्गातच थांबणारा मुलगा म्हणून मी तिला तीन वर्षं पाहिलं होतं. आता ती नर्सिंगच्या प्रवेशाच्या धावपळीत होती आणि तिला शाळा सोडल्याचा दाखला नव्या नावाने हवा होता. येताना पिशवीत सगळं नीट लावून आणलं होतं. जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र, नावबदलाचं राजपत्र, प्रतिज्ञापत्र, नवं आधार कार्ड आणि प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स.

भाऊसाहेबांनी कपाटातून रजिस्टर काढलं, पान उलगडलं, नावावर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘‘बाई, मूल शाळा सोडून गेलं की नोंदीला हात लावता येत नाही. वरून आदेश आणायला सांगा.’’ भाऊसाहेब मनाने वाईट नाहीत. तीस वर्षांत त्यांच्यापुढे असं प्रकरण आलंच नव्हतं. वरच्या कार्यालयात गेल्यावर तिथून सांगण्यात आलं की आधी शाळेचा प्रस्ताव आणा. तीन हेलपाटे झाले. चौथ्या खेपेला जुन्या नावावर पट्टी ठेवून लाल शाईची एकच रेघ मारली गेली, वर बारीक अक्षरात नवं नाव आलं, शेऱ्याच्या रकान्यात राजपत्राचा क्रमांक आला आणि शेजारी मुख्याध्यापकांची सही. लिंगाच्या रकान्यात काय लिहायचं यावर अर्धा तास गेला.

तो अर्धा तास ती शिक्षक-खोलीच्या दाराशी उभी होती. बस म्हटलं तरी बसली नाही. मी बाहेर गेले तेव्हा सहज विचारावं तसं तिने विचारलं, ‘‘बाई, तुम्ही आम्हाला सगळे समाजसुधारक शिकवलेत. आमच्यासाठी कुणीच काही केलं नव्हतं का?’’

केलं होतं. मला ते ठाऊकही होतं. पण वर्गात मी ते कधी सांगितलं नव्हतं, कारण ते धड्यात नव्हतं.

6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने ठरवलं की दोन प्रौढ व्यक्तींनी परस्परसंमतीने ठेवलेल्या समलिंगी संबंधांना भारतीय दंड संहितेचं कलम 377 लागू होणार नाही. त्या निकालात न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी लिहिलं आहे की या समाजाला आणि त्यांच्या कुटुंबीयांना शतकानुशतकं जी मानहानी आणि बहिष्कार सोसावा लागला, त्याबद्दल इतिहासाने त्यांची माफी मागायला हवी. मी इतिहासाची शिक्षिका आहे. ते वाक्य वाचल्यापासून मला एकच प्रश्न पडला आहे. इतिहास माफी मागणार म्हणजे नेमकं काय करणार? इतिहासाला तोंड असतं ते पुस्तकात आणि फळ्यावर. माफी मागायची असेल तर ती धड्यातच मागावी लागेल. माझं म्हणणं असं की महाराष्ट्रात हा धडा नव्याने रचायचीही गरज नाही. समाजसुधारणेचा जो इतिहास आपण अभिमानाने शिकवतो, त्याच्याच पोटात तो आहे. आपण ती पानं उलटून पुढे गेलो आहोत.

महर्षी धोंडो केशव कर्वे कोण, असं आठवीच्या वर्गात विचारलं की अर्धा वर्ग हात वर करतो. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे यांचं नाव घेतलं की वर्ग शांत होतो. मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवणारा हा माणूस. 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, आणि या कामापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै 1927 मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं. कामजीवनाबद्दल शास्त्रीय माहिती मराठीतून द्यायची, सामान्य वाचकाला द्यायची, आणि त्याने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं, हा त्या मासिकाचा बाणा होता.

मला त्या मासिकातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते वाचकांच्या प्रश्नांचं सदर. 1934 मध्ये कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला भरला गेला तो याच सदरातल्या उत्तरांवरून. प्रश्न होते हस्तमैथुनाबद्दलचे आणि समलिंगी संबंधांबद्दलचे. कर्व्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पुणे कराराला जेमतेम दोन वर्षं झाली होती, अंगावर कामाचा डोंगर होता, आणि हा खटला घेऊन लोकांच्या नजरेत मान वाढण्याची शक्यता शून्य होती. तरीही त्यांनी वकीलपत्र घेतलं. त्यांच्या युक्तिवादाचा रोख असा होता की कामविषयक प्रश्नाला उत्तर देणं म्हणजे अश्लीलता नव्हे. लोकांच्या मनात चुकीचं काही असेल तर ते ज्ञानाशिवाय जाणार कसं? कामशास्त्रावरचं तेव्हाचं ताजं युरोपीय संशोधन त्यांना माहीत होतं आणि त्याचा त्यांनी आधार घेतला. खटला ते हरले. कर्व्यांना 200 रुपये दंड झाला. 1931 मधल्या पहिल्या खटल्यातही कर्वे हरलेच होते.

या खटल्यात मला आणखी एक माणूस दिसतो, ज्याचं नाव कुठेच नाही. तो म्हणजे पत्र लिहिणारा वाचक. जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वी कुणीतरी मराठीतून टाक उचलून कागदावर लिहिलं की मला असं वाटतं, हे काय आहे, यात माझं काही चुकतंय का. पोस्टात टाकताना त्याचा हात थरथरला असेल. आजूबाजूला विचारायला कुणी नव्हतं म्हणून त्याने मुंबईच्या एका गणिताच्या माजी प्राध्यापकाला विचारलं. मराठी मुलखातल्या समलिंगी माणसांचा इतिहास सांगायचा तर तो 1969 मध्ये जिथे समलिंगींचा उठाव झाला त्या न्यूयॉर्कच्या बारपासून किंवा दिल्लीच्या कोर्टापासून सुरू करू नये. तो त्या पत्रापासून सुरू करावा. एकाने विचारलं, दुसऱ्याने उत्तर दिलं, तिसरा त्या उत्तराच्या बाजूने कोर्टात उभा राहिला. समाजसुधारणा म्हणजे आणखी वेगळं काय असतं?

कर्व्यांची सगळीच मतं आजच्या शास्त्राला धरून आहेत असं मी म्हणणार नाही. त्या काळातल्या शास्त्राच्या मर्यादा त्यांनाही होत्या. पण प्रश्न विचारणाऱ्याला त्यांनी हाकलून दिलं नाही.

‘हे सगळं पाश्चात्त्यांचं खूळ आहे’ हे वाक्य मी शिक्षक-खोलीत, पालकसभेत आणि लग्नाच्या पंगतीत ऐकलेलं आहे. त्याला उत्तर देताना पुष्कळ चांगली माणसं शिखंडी, बृहन्नडा आणि खजुराहो यांचे दाखले देतात. मला ती वाट पटत नाही. पुराणात होतं म्हणून आज चालेल, असं एकदा मान्य केलं की पुराणात नसलेल्या प्रत्येक गोष्टीसाठी आपण हात बांधून घेतो. शिवाय बृहन्नडेचं कौतुक करणारा समाजच सिग्नलवर काच वर करतो, हे आपण रोज बघतो. त्यापेक्षा कागदोपत्री असलेला इतिहास बघावा. कलम 377 मूळचं कुणाचं? मेकॉलेच्या मसुद्यातून निघालेली दंड संहिता 1860 मध्ये मंजूर झाली आणि त्या कलमातले ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ हे शब्द इंग्लंडच्या धर्मकल्पनांतून इथे आले. माणसं इथलीच होती. बाहेरून आला तो कायदा.

दुसरा दाखला तर महाराष्ट्राच्या अगदी जवळचा. पारधी, कैकाडी अशा जमातींना ज्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या चौकटीत पुढे जन्मजात गुन्हेगार ठरवलं गेलं, तो 1871 चा कायदा आपण शिकवतो. 31 ऑगस्ट हा विमुक्त दिन म्हणून आपल्याकडे पाळला जातो. पण त्याच कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांसाठी होता, हे फार थोड्यांना माहीत असतं. वायव्य प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाच्या बऱ्याच भागात, त्यांची नोंदवही ठेवायची. नोंद झालेला माणूस बायकांचे कपडे आणि दागिने घालून रस्त्यावर दिसला किंवा लोकांसमोर नाचला-गायला, तर पोलिसांनी धरायचं आणि दोन वर्षांपर्यंत कैद. निजामाच्या हैदराबाद संस्थानातही नंतर असाच कायदा झाला, आणि तेव्हा आपला मराठवाडा त्या संस्थानात होता. त्या कायद्याचा तेलंगणात उरलेला अवशेष तिथल्या उच्च न्यायालयाने रद्द केला तो थेट 2023 मध्ये. मराठी राज्यात तर हिजड्यांना ठरलेल्या गावांत भिक्षा मागण्याचा हक्क सरकारदरबारी मान्य होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात मुंबई सरकारने तो काढून घेतला. भिक्षेचा हक्क म्हणजे काही सोन्याचे दिवस नव्हेत, पण त्यांचं नाव सरकारी दप्तरात हक्कदार म्हणून होतं. ते नाव नंतर पोलिसांच्या वहीत गेलं. एका दप्तरातून दुसऱ्या दप्तरात गेलेल्या या नावाचा प्रवास नववीच्या मुलाला सहज कळेल.

कर्व्यांनंतर मराठीत या विषयावर फार मोठी शांतता आहे. 1981 मध्ये विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ रंगभूमीवर आलं. रोहिणी हट्टंगडींनी उभी केलेली ती मित्रा एका मुलीवर प्रेम करते आणि शेवटी जीव देते. त्या काळात हे नाटक लिहायला आणि करायला छाती लागत होती. पण मी कॉलेजात असताना ते वाचलं तेव्हापासून एक गोष्ट मनाला टोचत राहिली आहे. आपल्या साहित्यात अशी बाई आली आणि तिला मरावं लागलं. ज्या मुलींनी ते प्रेक्षागृहात बसून पाहिलं असेल, त्यातली एखादी घरी जाताना काय घेऊन गेली असेल?

नंतर मुंबईने वाट काढली. 1986 मध्ये अशोक राव कवी या पत्रकाराने एका इंग्रजी मासिकाला मुलाखत देऊन आपण समलिंगी आहोत हे नावानिशी सांगितलं. 1990 मध्ये त्यांनी समलिंगी वाचकांसाठी ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केलं आणि पुन्हा तेच झालं जे 1934 मध्ये झालं होतं. माणसं पत्रं लिहू लागली. 1994 मध्ये हमसफर ट्रस्ट उभा राहिला आणि त्याच्या केंद्राला वाकोल्यात महानगरपालिकेच्या इमारतीत जागा मिळाली. कलम 377 तेव्हा जिवंत होतं. ज्यांच्या संबंधांना दिल्लीतला कायदा गुन्हा मानत होता, त्यांना एचआयव्हीचं काम करायला मुंबईची पालिका खोल्या देत होती. कुठल्यातरी अधिकाऱ्याने त्या फाइलवर सही केली असणार. अशा सह्यांचाही इतिहास असतो. पुण्यात 2002 मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट स्थापन केला. या विषयावर सोप्या मराठीत पुस्तकं लिहिण्याचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. कर्व्यांचा धागा मराठीत परत कुणी हातात घेतला असेल तर तो त्यांनी.

बायकांचा इतिहास यात नेहमी मागे पडतो, तो मला मागे ठेवायचा नाही. मुंबईत 1995 मध्ये ‘स्त्री संगम’ हा समलिंगी स्त्रियांचा गट सुरू झाला. त्यानंतर तीनच वर्षांनी, डिसेंबर 1998 मध्ये, ‘फायर’ चित्रपटावरून मुंबईत चित्रपटगृहांची मोडतोड झाली. दोन जावा एकमेकींवर प्रेम करतात हे पडद्यावर दाखवलं, एवढंच कारण. त्या निषेधाला उत्तर म्हणून दिल्लीत बायका फलक घेऊन रस्त्यावर आल्या. मी तेव्हा डीएड करत होते. आमच्या वसतिगृहात वर्तमानपत्राचं ते पान दोन दिवस हातोहात फिरलं आणि तिसऱ्या दिवशी नाहीसं झालं. ते कुणी जपून ठेवलं होतं हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. ती मैत्रीण आज दोन नातवंडांची आजी आहे, आणि ती गोष्ट तिने फक्त मला सांगितली आहे.

16 ऑगस्ट 2008 रोजी मुंबईत इंद्रधनुष्यी झेंडे घेऊन जी मिरवणूक निघाली, ती ऑगस्ट क्रांती मैदानावरून. जिथे 1942 मध्ये ‘छोडो भारत’ची हाक दिली गेली तिथून, स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी. इंग्रजांनी मागे ठेवलेलं एक कलम इथून जायचं बाकी आहे, हे सांगायला याहून योग्य जागा नव्हती. धड्यात चित्र घालायचं झालं तर मी हे घालेन.

न्यायालयाच्या तारखा आता बऱ्याच जणांना पाठ असतात, म्हणून त्यावर फार वेळ घालवत नाही. 2 जुलै 2009 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने एचआयव्हीवर काम करणाऱ्या नाझ फाउंडेशनच्या याचिकेवर पहिल्यांदा 377 ला बांध घातला. त्या खंडपीठाचे प्रमुख न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा मूळचे सोलापूरचे, तिथल्याच जिल्हा न्यायालयात त्यांनी सुरुवातीला वकिली केली. सोलापूरच्या किती शाळांत हे सांगितलं जातं? 11 डिसेंबर 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. कारणांमध्ये एक कारण असं होतं की ही माणसं लोकसंख्येचा अगदी लहान अंश आहेत आणि दीडशे वर्षांत दोनशेहून कमी लोकांवर खटले झाले. हे वाचून मला रडू आलं होतं. आमच्या शाळेत दिव्यांग मुलं दोन आहेत. त्या दोघांसाठी उतार बांधला तेव्हा ती दोनच आहेत असं कुणी म्हणालं नाही. त्याच प्रकरणात समलिंगी मुलांचे आईवडीलही न्यायालयात गेले होते. पुढे न्यायमूर्ती मल्होत्रांनी कुटुंबीयांचीही माफी मागायला हवी असं लिहिलं, ते वाचताना मला तेच आईवडील आठवले.

15 एप्रिल 2014 चा नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवरचा) निकाल मला सर्वांत जवळचा वाटतो. माणसाचं लिंग काय, हे त्याचं त्याने सांगायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात मान्य केलं. ठाण्याच्या पारलिंगी (ट्रान्सजेंडर) कार्यकर्त्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी त्या खटल्यात उतरल्या होत्या. निकाल दिल्लीत लागतो, पण तो खरा की खोटा हे गावातल्या फॉर्मवर ठरतं. जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुकच्या पारलिंगी अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीसाठी महिलांच्या राखीव जागेवर अर्ज भरला. 2020 च्या अखेरीस छाननीत तो फेटाळला गेला. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, 2 जानेवारी 2021 ला न्यायालयाने त्यांना स्त्री म्हणून लढायला परवानगी दिली, आणि त्या निवडून आल्या. त्याच्या आधी 2017 मध्ये माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने पारलिंगी माऊली कांबळे यांना थेट सरपंच केलं होतं. 2022 मध्ये पोलिस भरतीच्या ऑनलाइन अर्जात पुरुष आणि स्त्री असे दोनच रकाने होते. साताऱ्याच्या आर्या पुजारी यांच्यासारख्या उमेदवारांनी दाद मागितली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि सरकारला तिसरा रकाना द्यावा लागला.

एक रकाना. माझ्या विद्यार्थिनीचा अर्धा तासही त्याच रकान्यावर गेला.

आता ‘मुलांना हे कशाला?’ या आक्षेपाकडे येते. हा आक्षेप घेणाऱ्या पालकांना मी शत्रू मानत नाही. त्यांना वाटतं की आपण शिकवलं नाही तर मुलांना कळणार नाही. पण मुलांना कळतंच, फक्त वाईट शब्दांतून कळतं. पाचवीतल्या मुलाला ‘बायल्या’ हा शब्द येतो. ‘छक्का’ येतो. सातवीपर्यंत तो शब्द नेमका कुणावर फेकायचा हेही त्याला येतं. चांगला शब्द मात्र त्याच्याकडे एकही नसतो. विज्ञानाच्या पुस्तकात ‘उभयलिंगी’ हा शब्द भेटतो तो गांडुळाच्या वर्णनात. ज्या मुलाला स्वतःबद्दल काही उमगू लागलं आहे, त्याने मराठीत स्वतःला काय म्हणायचं? एका बाजूला शिवी आणि दुसऱ्या बाजूला गांडूळ.

2021 मध्ये एनसीईआरटीने शिक्षकांसाठी एक पुस्तिका तयार केली होती. पारलिंगी मुलांना शाळेत कसं सामावून घ्यावं, स्वच्छतागृहाचं काय करावं, गणवेशाचं काय करावं, अशा साध्या गोष्टी त्यात होत्या. तक्रार झाली आणि नोव्हेंबरमध्ये ती संकेतस्थळावरून काढली गेली. माझ्यासारख्या शिक्षिकेला ती हवी होती. माझा तो विद्यार्थी मधल्या सुट्टीत वर्गात का थांबतो, हे मला तेव्हा समजलं नव्हतं. मला वाटायचं, अभ्यासू आहे. त्याला मुलांच्या स्वच्छतागृहात जायची भीती वाटायची म्हणून तो दिवसभर पाणी पीत नसे. हे तिने मला त्या दिवशी सांगितलं, दाराशी उभी असताना.

तमिळनाडूने याबाबतीत आपल्याला वाट दाखवली आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या आग्रहावरून तिथल्या सरकारने ऑगस्ट 2022 मध्ये या समाजासाठी वापरायच्या तमिळ शब्दांची यादी राजपत्रात छापली. हे शब्द वृत्तपत्रांनी, पोलिसांनी, सरकारी कचेऱ्यांनी वापरायचे. मराठीला परिभाषाकोशांची केवढी मोठी परंपरा आहे. समलिंगी, पारलिंगी, द्विलिंगी हे शब्द आपल्या कार्यकर्त्यांनी घडवून वापरात आणलेलेच आहेत. ‘तृतीयपंथी’ हा शब्द सरकारी मंडळाच्या नावात आहे, तर काही जण तो नको म्हणतात, कारण पंथ म्हणजे काही लिंग नव्हे. हा वाद त्या समाजातल्या माणसांना बोलावून, समोर बसवून सोडवावा, आणि निघेल ती यादी बालभारतीपासून तलाठी कार्यालयापर्यंत पोचवावी. यात खर्च काय आहे? कागद आणि शाई.

दुसरी मागणी अभ्यासक्रमाची. स्वतंत्र प्रकरण नको. वेगळं प्रकरण केलं की ते वर्गात शेवटच्या आठवड्यात उरकलं जातं किंवा वगळलं जातं, हे मी शिक्षिका म्हणून खात्रीने सांगते. समाजसुधारकांच्या धड्यात र. धों. कर्वे आणि 1934 चा खटला यावा. गुन्हेगार जमाती कायदा शिकवताना त्याचा दुसरा भाग यावा. नागरिकशास्त्रात मूलभूत हक्क शिकवताना नालसा आणि 2018 चा निकाल यावा. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पाठात भादली बुद्रुक यावं. एवढं केलं तरी एखाद्या मुलाला आपण या राज्याच्या इतिहासात आहोत हे कळेल, आणि त्याच्या शेजारच्या बाकावरच्या मुलालाही कळेल. त्या शेजारच्या मुलाला कळणं जास्त गरजेचं आहे.

लग्नाचा प्रश्न बाकी आहे, हे मी विसरलेले नाही. 17 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, तो संसदेचा प्रांत म्हणून सांगितलं. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खातं काढता येतं, एकमेकांना नामनिर्देशित करता येतं. चांगलं झालं. पण चाळीस वर्षं एकत्र राहिलेल्या दोघींपैकी एक मृत्युपत्र न करता गेली, की जमिनीच्या सात-बारावर किंवा सोसायटीच्या भागपत्रावर दुसरीचं नाव लागत नाही, आणि भाऊ-पुतणे दाराशी उभे राहतात. ही लढाई संसदेत आणि कोर्टात लढली जाईल. तिला मतं लागतील, आणि मतं द्यायला येणारी मुलं आज आमच्या वर्गात बसलेली आहेत.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर आठवीच्या वर्गात समाजसुधारकांचा धडा आला. कुणाची परवानगी मागितली नाही. महर्षी कर्व्यांनंतर खडू घेऊन फळ्यावर र. धों. कर्वे असं लिहिलं, खाली 1934 लिहिलं, आणि साध्या शब्दांत सांगितलं. काही पुरुषांना पुरुषाबद्दल आणि काही बायकांना बाईबद्दल प्रेम वाटतं. त्याबद्दल कुणीतरी पत्रातून विचारलं आणि या माणसाने मासिकात उत्तर दिलं म्हणून त्याच्यावर खटला झाला. बाबासाहेब त्याचे वकील होते, हे सांगितलं तेव्हा वर्गात एकदम चुळबूळ झाली. मागच्या बाकावरचा एक जण, जो एरवी हसतो, तो हसला नाही.

पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, ‘‘मग जिंकले का बाई?’’

‘‘नाही. हरले. दोनशे रुपये दंड झाला.’’

‘‘मग मासिक बंद पडलं?’’

मी 1934 च्या पुढे एक लांब रेघ ओढली आणि तिच्या टोकाला 1953 लिहिलं. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये कर्वे गेले. नोव्हेंबरचा अंक निघाला.